खांदा वर गेलेला आपला आपल्यालाच का कळत नाही?

प्रश्न : हळदीचा हिशेब, सांगली

नमस्कार. मी येथील मार्केट यार्डातील एका अडत दुकानात गेली अठरा वर्षे हिशेबाचे काम करते. हळदीच्या सौद्यांचा हंगाम सुरू झाला की शेतकऱ्यांच्या पट्ट्या (विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) लिहिता लिहिता रात्रीचे आठ वाजतात आणि मानेपासून उजव्या खांद्यापर्यंतचा भाग लाकडासारखा होतो. मागील महिन्यात फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला स्टुलावर बसवून खांदे सैल सोडायला सांगितले. ते मी सोडले आहेत अशी माझी पक्की समजूत होती. त्यांनी समोर आरसा धरला, तेव्हा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटे वर दिसला. दुखण्यापेक्षा मला याचीच अधिक धास्ती वाटली. त्यांनी जोराचा व्यायाम न देता काही अतिशय संथ हालचाली लक्ष देऊन करायला सांगितल्या आहेत. मी रोज बारा सूर्यनमस्कार घालते. त्यापुढे पडल्या पडल्या कंबर हलवणे हा व्यायामच वाटत नाही. यातून नेमके काय साधते?

उत्तर १ : मिरजकर फिजिओ

ताई, डोळे मिटूनही आपले बोट नाकाच्या शेंड्याला बरोबर लागते, कारण स्नायू, स्नायुबंध आणि सांधे यांतील संवेदक अवयवांच्या स्थितीची खबर मेंदूला सतत देत असतात. मात्र तीच खबर वर्षानुवर्षे येत राहिली की मेंदू तिची दखल घेणे सोडतो आणि आखडलेला खांदा हीच त्याला खांद्याची नेहमीची जागा वाटू लागते.

जोर कमी का करायचा, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात वेबर या जर्मन शास्त्रज्ञाच्या निरीक्षणांत सापडते. हातात एक किलो वजन असेल तर पन्नास ग्रॅमची भर कळते, पण वीस किलोच्या पिशवीत तेवढीच भर पडली तर पत्ता लागत नाही. शरीराने जितका जोर लावलेला असतो, तितका बारीक फरक त्यात बुडून जातो. मोशे फेल्डेनक्रायस (१९०४–१९८४) हे अभियंते आणि ज्यूदोचे शिक्षक होते. स्वतःच्या दुखावलेल्या गुडघ्यामुळे ते चालण्याचा बारकाईने विचार करू लागले आणि त्यांनी संथ, लक्षपूर्वक हालचालींची आपली पद्धत याच तत्त्वाच्या आधारे उभी केली.

सतरंजीवर उताणे पडा, गुडघे दुमडून तळपाय जमिनीवर टेकवा. आधी काहीही न करता कोणता खांदा जमिनीला अधिक चिकटला आहे एवढेच पाहा. मग उजवा खांदा छताच्या दिशेने जेमतेम बोटभर उचला आणि उचलायला जितका वेळ लागला, तितकाच वेळ घेऊन खाली ठेवा. श्वास अडला, दात आवळले गेले किंवा जीभ टाळूला दाबली गेली, तर हालचाल निम्मी करा. आठ-दहा वेळा झाल्यावर हात बाजूला ठेवून स्वस्थ पडा. डावीकडे लगेच काही करू नका, कारण दोन्ही बाजूंमधला फरक जाणवणे हाच येथील धडा आहे. हाताला मुंग्या येत असतील, बधिरपणा असेल किंवा पकड सुटत असेल, तर हे बाजूला ठेवून आधी तपासणी करून घ्यावी.

उत्तर २ : सातारकर, निवृत्त शिक्षक

आमच्या जिल्ह्यातील औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला, त्यामुळे नमस्काराला कोणी कमी लेखले की मला ते रुचत नाही. तरीही सांगतो, की माझेही बारा नमस्कार साडेचार मिनिटांत उरकत आणि त्यांतला एकही नंतर आठवत नसे. आता त्यांतला शेवटचा एक मी मुद्दाम अतिसावकाश घालतो. त्यातच मला कळले, की वर येताना माझा डावा तळहात उजव्याच्या आधी जमीन सोडतो. पतंजलींनी ‘स्थिरसुखमासनम्’ म्हटल्यावर लगेच पुढच्या सूत्रात ‘प्रयत्नशैथिल्य’, म्हणजे प्रयत्न सैल सोडणे, सांगितले आहे. ते सूत्र मी वर्गात कैक वेळा शिकवले, पण अंगाने वाचले ते सत्तरीनंतर. तेव्हा यात परके असे काही नाही. आपले नमस्कार मात्र सोडू नका.

उत्तर ३ : तंतुवाद्यांच्या गल्लीतून, मिरज

मी वैद्यकीय माणूस नाही, आमच्याकडे सतारी आणि तंबोरे होतात. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, लावताना तारेखालचा सुती धागा केसभर पुढेमागे सरकवावा लागतो आणि प्रत्येक वेळी तार अगदी हलकेच छेडून ऐकावी लागते. नवशिका कारागीर जोरात छेडतो, मग त्याला नुसता आवाज ऐकू येतो, फरक ऐकू येत नाही. वर दिलेले वजनाचे उदाहरण वाचताना मला हेच आठवले.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद : हळदीचा हिशेब, सांगली

सर्वांचे आभार. मुंग्या किंवा बधिरपणा नाही, हे बाईंनी आधीच तपासले होते. नऊ दिवस हे करून पाहिले. पहिले तीन दिवस मला झोपच लागली. चौथ्या दिवशी लक्षात आले, की खांदा उचलण्यापूर्वीच माझे दात आवळले जातात. काल दुकानात पट्टी लिहिताना उजवा खांदा वर गेलेला प्रथमच माझा मला कळला आणि मी तो खाली आणला. पुढची पट्टी पुरी करून पाहते, तर तो पुन्हा वरच होता.