सातव्या महिन्यात गाय गाभडली. दावणीच्या बाकी गाभण गाईंचे काय?

प्रश्न
आमच्या गोठ्यातील एक गाय सातव्या महिन्यात गाभडली आणि तिची वारही अडकली. तिला ताप नाही, चारापाणी व्यवस्थित आहे. हा सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेलोसिस असू शकतो काय? असल्यास प्रतिजैविकांनी तो बरा होतो काय? आणि गाय पुढच्या खेपेस नीट व्याली, तर रोग गेला असे समजावे काय?

प्रतिसाद १ (पशुवैद्यक)
पाचव्या महिन्यानंतर गाभ जाणे आणि वार अडकणे यांवरून ब्रुसेलोसिसची शंका घ्यावीच लागते, परंतु लेप्टोस्पायरोसिस (एक जिवाणूजन्य रोग) आणि आयबीआर (गाईंचा एक विषाणूजन्य रोग) यांतही गाय गाभडते, म्हणून अर्भक, वारेचा तुकडा आणि रक्तजल (सीरम) प्रयोगशाळेत पाठवल्याशिवाय निदान करू नये. ब्रुसेलोसिससाठीची रोझ बेंगाल ही रक्तचाचणी झटपट होते. मात्र गाभडण्याच्या सुमारास ती खोटी नकारार्थी येऊ शकते, तेव्हा दोन-तीन आठवड्यांनी ती पुन्हा करावी.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे, आणि पशुपालकांची खरी फसगत येथेच होते. बाधित गाय बहुधा एकदाच गाभडते. पुढच्या वेतात ती पूर्ण दिवसांचे वासरू देते, मालक निर्धास्त होतो, आणि त्याच वेळी वार, गर्भजल व नंतरचा स्राव यांतून असंख्य जंतू गोठ्यात पसरतात. कासेत आणि लसिका ग्रंथींत, तेही पेशींच्या आत, ते दडून राहतात. त्यामुळे प्रतिजैविके देऊनही गाय रोगमुक्त झाल्याची खात्री देता येत नाही आणि हा उपचार गाईंसाठी सहसा सुचवला जात नाही.

प्रतिसाद २
अडकलेली वार उघड्या हाताने ओढू नये. अर्भक व वार कुत्र्यांच्या तोंडी लागणार नाही अशा खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावी आणि दूध उकळूनच प्यावे. चिकालाही हा नियम लागू आहे. हा रोग माणसालाही होतो; घरात कोणाला चढउतार होणारा ताप, रात्री घाम किंवा सांधेदुखी असल्यास गाय गाभडल्याचे डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण हा ताप विषमज्वर समजला जाण्याची शक्यता असते. माणसावर दोन प्रतिजैविकांचा किमान सहा आठवड्यांचा उपचार करावा लागतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. आता सर्व गाईंना लस टोचून घ्यावी काय?

प्रतिसाद ३ (पशुवैद्यक)
सरसकट टोचू नये. एस-१९ ही ब्रुसेलोसिसवरील जिवंत जंतूंची लस असून ती चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आयुष्यात एकदाच देतात. गाभण गाय तिच्यामुळे गाभडू शकते, लसीमुळे मोठ्या गाईंच्या रक्तात आलेली प्रतिपिंडे (अँटिबॉडी) पुढील चाचणीत गोंधळ करतात, आणि सुई चुकून हाताला टोचली तर टोचणाराच आजारी पडतो. नर वासरांना ती देत नाहीत.

सध्या सर्व गाईंची आणि वळू असल्यास त्याचीही रक्ततपासणी करावी, गाभडलेली गाय वेगळी बांधावी, आणि व्यायला आलेल्या प्रत्येक गाईला स्वतंत्र जागा द्यावी. बाधित गाईंच्या कालवडींवर विशेष लक्ष ठेवावे; त्यांतील काहींची चाचणी पहिल्या वेतापर्यंत नकारार्थीच येत राहते.