बीएस्सी ॲग्री करायचीच असेल तर एक पीक धरून करा

जालन्याचा_पैदासकार (धागा यांचा)

सीईटीचा निकाल लागला की फोन सुरू होतात. "दादा, पोराला ॲग्रीला टाकतोय, कुठलं कॉलेज टाकू पहिल्या पर्यायाला?" राहुरी, अकोला, परभणी, दापोली ही चार विद्यापीठं आणि त्यांच्याखालची सरकारी-खासगी कॉलेजं सगळ्यांना तोंडपाठ असतात. चार वर्षं तिथे करायचं काय, हे मात्र आजवर एकाही बापाने विचारलेलं नाही.

मी बियाणे कंपनीत पैदास विभागात, म्हणजे पिकांचे नवे वाण काढणाऱ्या विभागात, आहे. नवीन पोरांच्या मुलाखती घेतो. तुला कोणतं पीक चांगलं कळतं विचारलं की उत्तर ठरलेलं, "सर, सगळीच." मग मी त्यांना कपाशीच्या ओळीत नेतो आणि सांगतो, उद्या सकाळी उमलणारी कळी दाखव. निम्म्यांना ती ओळखता येत नाही. उद्याची कळी फुगलेली असते, पाकळ्यांचा शेंडा बाहेर डोकावायला लागलेला असतो. तिच्या बुडाशी अंगठ्याचं नख फिरवायचं आणि पाकळ्यांसकट पुंकेसरांची नळी काढून घ्यायची, आतल्या स्त्रीकेसराला जराही धक्का न लावता. खूण म्हणून दोरा बांधायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नराचं फूल त्यावर टेकवायचं. बीजोत्पादनाच्या प्लॉटवरच्या बायका बोलत बोलत हे करतात. पदवीधराने 'विपुंसीकरण' ही व्याख्या पाठ केलेली असते, नख कधी लावलेलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे. चार वर्षांच्या पदवीत खरीप चारच येतात. त्यातला पहिला तर प्रवेशफेऱ्या लांबल्यामुळे गेल्यातच जमा, वर्ग सुरू होतात तेव्हा सोयाबीन काढणीला आलेलं असतं. उरले तीन. सातव्या सत्रातला खरीप गावात कृषिदूत म्हणून, म्हणजे शेतकऱ्यांमध्ये राहून करायच्या कार्यानुभवात, जातो. एवढ्या थोड्या हंगामांत सगळी पिकं कुणालाच कळणार नाहीत, एक नीट कळू शकतं. तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या आत एक पीक धरा. सुट्टीत त्या पिकाच्या संशोधन केंद्रावर जाऊन हाताखाली काम करा. कार्यानुभवाचं गाव त्याच पट्ट्यातलं मागा. एमएस्सीचा विषयही त्या पिकाला काय हवंय ते बघून ठरवा. आणि जमलं तर विद्यापीठच पिकावरून निवडा. भातात रस असेल तर कर्जतचं केंद्र दापोलीकडे आहे, ऊस असेल तर पाडेगाव राहुरीकडे. आंबा-काजू करायचाय आणि प्रवेश परभणीला घेतला, असं करू नका.

टेबलखुर्ची

सर, ऐकायला छान आहे. मी बँकेत कृषी अधिकारी आहे, आयबीपीएसमधून, म्हणजे बँकभरतीच्या परीक्षेतून, लागलो. आमच्या घरी तीन एकर कोरडवाहू, दोन बहिणी, आणि मी. मला चार वर्षांत पीक धरायचं नव्हतं, पगार धरायचा होता. त्यासाठी पदवी लागत होती, ती घेतली. आमच्या वर्गातले निम्म्याहून जास्त जण दुसऱ्या वर्षापासूनच एमपीएससी किंवा बँकेच्या तयारीला लागलेले. होस्टेलच्या खोलीत भिंतीवर भारताचा नकाशा, टेबलाखाली तणांचा संग्रह. यात लाज वाटण्यासारखं काय आहे?

पैदासकार व्हायला एमएस्सी, मग पीएचडी, मग वाट बघणं. एक वाण बाहेर यायला दहा-बारा वर्षं लागतात हे तुम्हीच मला सांगाल. एवढी कळ काढणं ज्याच्या घरची चूल दुसऱ्या कुणाच्या पगारावर चालते त्यालाच परवडतं.

बॉटनीवाले_सर

मूळ प्रश्नच चुकतोय असं माझं मत आहे. ज्याला वनस्पतींचं विज्ञान शिकायचंय त्याने ॲग्रीला जावंच कशाला? ॲग्रीत पिकांबरोबर दुग्धव्यवसाय, कृषी अर्थशास्त्र, विस्तार शिक्षण, ट्रॅक्टरचे भाग, सगळं येतं. वनस्पतीच्या वाट्याला येतं त्यातलं थोडं. बीएस्सी बॉटनी करा, शरीरक्रियाशास्त्र आणि आनुवंशिकी नीट शिका, एमएस्सीला जैवतंत्रज्ञान घ्या. आमची मुलं प्रयोगशाळेत ॲग्रीवाल्यांपेक्षा सरस ठरतात, हे मी बघत आलोय.

जालन्याचा_पैदासकार

बॉटनीवाले सर, प्रयोगशाळेपुरतं मान्य. पण दारं कुठली बंद होतात तेही पोरांना सांगा ना. बँकेच्या कृषी क्षेत्र अधिकारी पदाला कृषी किंवा संलग्न शाखेची चार वर्षांची पदवी लागते. कृषी विद्यापीठात एमएस्सी ॲग्रीला कृषिविद्या, रोगशास्त्र असे विषय घ्यायचे तर तिथेही बहुतेक ठिकाणी कृषीचीच पदवी विचारतात. बॉटनी करून तिसऱ्या वर्षी "आता मला वाण काढायचेत" म्हणणारी हुशार मुलं माझ्याकडे येतात आणि त्यांना मागच्या दाराने, जैवतंत्रज्ञानातून, शिरावं लागतं. ट्रॅक्टरचे भाग शिकल्याने कुणाचं नुकसान झालेलं मी बघितलं नाही.

टेबलखुर्ची, तुमच्याशी भांडण नाही. फक्त एक विचारतो. पीककर्ज मंजूर करताना पीकनिहाय कर्जदराचा, म्हणजे कुठल्या पिकाला किती कर्ज द्यायचं त्याचा, तक्ता समोर असतो. समोरचा शेतकरी हळदीचं कर्ज मागतोय आणि रानात सोयाबीन आहे, हे तुम्ही कशावरून ओळखता?

टेबलखुर्ची

सातबाऱ्यावरच्या पीकपाहणीवरून. 😄 आणि ती चुकीची असते तेव्हा रानात जाऊन. बरं, हा मुद्दा तुमचा. पण त्यासाठी सगळ्याच पिकांची तोंडओळख लागते हो, एकाची खोलवर नाही. उलट माझाच मुद्दा पक्का झाला.

कृषिसेवा_केंद्र

टेबलखुर्चीच्या बाजूने बोलतो. माझं बी-बियाणे, खतं, औषधांचं दुकान आहे. कीटकनाशकाच्या परवान्याला आता पदवी किंवा पदविका लागते, म्हणून बऱ्याच गावांत आधी दुकान ठरतं आणि मग पोरगं ॲग्रीला जातं. माझंही तसंच झालं. पण काउंटरवर सकाळी कपाशीवाला येतो, दुपारी मिरचीवाला, संध्याकाळी कुणी मोसंबीची फांदी घेऊन. "मी फक्त सोयाबीनचा माणूस आहे" म्हटलं तर तो पुढच्या दुकानात जाईल.

जुलैत रोज दहा जण पिवळं पडलेलं सोयाबीन घेऊन येतात. पानाच्या शिरा हिरव्या आणि मधली जागा पिवळी, तीही वरच्या कोवळ्या पानांवर, म्हणजे चुनखडीच्या रानात लोह मिळत नाहीये. पानावर हिरवे-पिवळे वेडेवाकडे पट्टे, आणि रानात एखादंच झाड असं, म्हणजे पिवळा मोझॅक, पांढऱ्या माशीने आणलेला. पहिल्याला फेरस सल्फेटची फवारणी, दुसऱ्याला झाड उपटून बाहेर. शेजारचा दुकानदार दोघांनाही एकच टॉनिक देतो आणि माझ्यापेक्षा जास्त कमावतो, ते सोडा. सांगायचं काय, की हे मला चार वर्षांत पाच-सहा विषय मिळून शिकायला मिळालं. मृदाशास्त्र वेगळं, रोगशास्त्र वेगळं, कीटकशास्त्र वेगळं. पीक धरून बसलो असतो तर यातलं काय सुटलं असतं कोण जाणे.

जालन्याचा_पैदासकार

पण भाऊ, तुम्ही उदाहरण कशाचं दिलंत? सोयाबीनचंच! एकाच पिकात माती, रोग आणि माशी तिन्ही आले. मी हेच म्हणतोय. पीक धरलं की विषय आपोआप गोळा होतात. विषय धरले की ते पेपर संपले की सुटतात.

शेवटचं_वर्ष_चालू

मी सध्या गावात कृषिकन्या आहे, त्यामुळे आतली गोष्ट सांगते. वेळापत्रकात सगळं आहे: बीजप्रक्रिया, उगवणक्षमता, माती नमुना, बोर्डो मिश्रण. प्रत्यक्षात प्रात्यक्षिक दहा मिनिटांचं, फोटो अर्ध्या तासाचा. बॅनर नीट दिसला पाहिजे, सरपंच मधोमध पाहिजेत, दुसऱ्या दिवशी पेपरात "कृषिकन्यांनी दिले बोर्डो मिश्रणाचे धडे" आलं पाहिजे. कात्रण फाइलला लावलं की गुण.

त्या दिवशी एका आजोबांनी विचारलं, "पोरी, मिश्रण झालं का नाही ते कसं कळतं तुला?" आम्ही एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी एवढं पाठ करून गेलेलो. आजोबांनी विळा आणला, मिश्रणात बुडवून धरला. पात्यावर तांबूस थर चढला. म्हणाले, चुना कमी पडलाय, अजून टाक, नाहीतर पानं करपतील. पुस्तकात ही चाचणी आहे हो, मी वाचलीही होती. विळा न्यायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

तर सर, तुम्ही म्हणता ते पटतं, पण गाव आम्ही मागू शकत नाही. कॉलेजच्या सोयीने, बसच्या सोयीने मिळतं. मुलींना तर गावात राहायची सोय आहे का हे आधी बघतात आणि पीक मागाहून. संशोधन केंद्रावर सुट्टीत जायचं तर राहायचं कुठे हाही प्रश्न. तुमचा आराखडा मोटारसायकल असलेल्या मुलाचा आहे.

आईचा_प्रश्न

वरच्या ताईने माझ्या मनातलं लिहिलं. मुलगी बारावीला आहे, आम्ही छत्रपती संभाजीनगरला राहतो, शेती गावाकडे भावकीत. तिला झाडांचं वेड आहे पण मला भीती ही की शेवटी कंपनीत फिरतीची विक्रीची नोकरी मिळणार. मुलींना कुठे संधी आहे, खरं सांगा.

दापोलीची_माहेरवाशीण

आईसाहेब, मी दापोली विद्यापीठात शिकलेली. आता एका बियाणे कंपनीच्या गुणवत्ता नियंत्रण प्रयोगशाळेत आहे. बीज तपासणी, टिश्यू कल्चर, रोगनिदान, आनुवंशिक शुद्धता, या ठिकाणी मुली भरपूर आहेत, आणि रोजची फिरती नाही. सोयाबीनच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के लागते. २०२० च्या खरिपात राज्यभर सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रारींचा पाऊस पडला होता, तेव्हापासून तर हे काम करणाऱ्या माणसाला भाव आलाय. शंभर दाणे मोजून ओल्या कागदाच्या गुंडाळीत लावायचे, दिवस भरले की उघडून एकेक रोप बघायचं: सरळ, विकृत, मेलेलं. कंटाळवाणं वाटेल, पण एका लॉटवर शेकडो शेतकऱ्यांचा हंगाम असतो.

पैदासकार दादांना विरोध मात्र करते. दुसऱ्या वर्षी पीक धरा म्हणणं घाईचं आहे. मी आंब्यासाठी दापोलीला गेले होते. घरची कलमं, 'रत्ना' हा हापूस आणि नीलमचा संकर त्याच विद्यापीठाच्या वेंगुर्ला केंद्राचा, सगळं स्वप्न तयार. तिसऱ्या वर्षी बीजशास्त्र शिकले आणि तिकडेच रमले. आंबा धरून बसले असते तर? फळझाडाचा संकर करून फळ बघायलाच वर्षं जातात, पदवीत काय दिसणार होतं मला?

शिवाय कुणी लिहिलंच नाही म्हणून लिहिते: ओजीपीए, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांची सरासरी. पहिल्या वर्षी सगळे गाफील असतात, आणि पुढे पीजीच्या (पदव्युत्तर प्रवेशाच्या) वेळी तोच आकडा आडवा येतो. आयसीएआरच्या (भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या) पीजी परीक्षेला बसायचं असेल तर तिसऱ्या वर्षापासून तयारी, त्यात प्लांट सायन्सेसचा गट वेगळा, कृषिविद्येचा वेगळा, उद्यानविद्येचा वेगळा. गट आधी ठरवावा लागतो. म्हणून मी म्हणेन, पीक नको, विषय धरा. विषय सगळीकडे चालतो.

बॉटनीवाले_सर

बघा, शेवटी विषयावरच आलात सगळे.

जालन्याचा_पैदासकार

दापोलीच्या ताई, तुम्ही आंबा सोडलात तो आंब्याच्या जवळ गेलात म्हणून. तिथे न जाता घरी बसून विषय निवडला असता तर काय हाताला लागलं असतं? धरलेलं पीक सोडता येतं, त्याला काडीमोड घ्यावा लागत नाही.

शेवटचं वर्ष, तुझं मात्र बरोबर आहे. गाव मिळत नाही. मग कॉलेजचं प्रक्षेत्र, म्हणजे कॉलेजची शेती, तरी वापरा. आईसाहेब, पर्याय भरायच्या आधी दोन-तीन कॉलेजांच्या प्रक्षेत्रावर एक चक्कर मारून या. इमारत आणि होस्टेल सगळे दाखवतात. तुम्ही विचारा: विद्यार्थ्यांना स्वतःचा वाफा देता का, पेरणीपासून काढणीपर्यंत तोच विद्यार्थी बघतो का, की पेरणी मजूर करतो आणि पोरं वहीत लिहितात? पाट्या नीट लावलेल्या प्लॉटवर तण माजलेलं दिसलं तर समजून जा. काही खासगी कॉलेजांत शेत फक्त तपासणी समितीपुरतं हिरवं होतं.

टेबलखुर्ची

हे मात्र शंभर टक्के खरं. आम्हाला वाफा दिला होता. भेंडी लावलेली. परीक्षेच्या काळात कुणी पाणी दिलं नाही, आणि गुण सगळ्यांना सारखेच.

वसमतचा_पोरगा

सर, सगळं वाचलं. मी पहिल्या वर्षाला आहे, परभणी विद्यापीठाखालच्या कॉलेजात. घरी हळद आहे, चार एकर. पीक धरायचं तर हळदच धरणार. पण पैदासशास्त्र घेऊ का? मला नवीन वाण काढायचाय.

जालन्याचा_पैदासकार

बाळा, हळद धर, पैदास नको. हळद ही त्रिगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे तीन संच असलेली, तिला बी सहसा धरतच नाही, लागवड सगळी बेण्यावर, म्हणजे कंद लावून. संकर करून निवड करायची आमची नेहमीची वाट तिथे जवळपास बंद आहे. नवे वाण मुख्यतः आहे त्यातूनच निवडून आलेत. सांगलीजवळ कसबे डिग्रजला हळदीचं काम चालतं, 'फुले स्वरूपा' तिथलाच. एकदा जाऊन बघून ये. तुझ्या वसमतलाही आता हळद संशोधन केंद्र झालंय, ते तर दारातच.

तुमच्याकडे रान कशाने जातं? कंदकूज आणि कंदमाशी. ऑगस्ट-सप्टेंबरात पानं कडेने वाळायला लागतात, बुंधा ओढला की हातात येतो, कंद दाबला की पाणी सुटतं. शेतकरी कधी बुरशीवर फवारतो, कधी माशीवर, बहुतेक वेळा दोन्हीवर. आधी कोण येतं, माशी की कूज, यावर गावागणिक वेगळं उत्तर मिळेल. तेव्हा वनस्पती रोगशास्त्र घे, जोडीला कीटकशास्त्राचे पेपर मन लावून कर. आणि या हंगामापासून घरच्या चार एकरात एक वही ठेव: कुठल्या वाफ्यात पहिलं झाड कधी कुजून बसलं, पाणी कुठे साचतं, बेणं कुठून आणलं होतं, बेणेप्रक्रिया केली होती का.

दापोलीची_माहेरवाशीण

म्हणजे विषयच धरायला सांगितलात ना दादा! 😄

वसमतचा_पोरगा

सर, बेणं मागच्या वर्षी शेजाऱ्याकडून घेतलेलं, प्रक्रिया नाही केली. खालच्या अंगाच्या दोन वाफ्यांत पाणी थांबतं, तिथेच पहिल्यांदा बसली. फोटो टाकू का?

जालन्याचा_पैदासकार

पानाचा नको. कंद मधोमध चिरून टाक.