मदत हवी आहे: गोंदेश्वराच्या शिखरावरच्या 'भूमी' (म्हणजे थर) मोजायच्या कशा?

रविवारी भाच्याला नाशिकहून सिन्नरला गोंदेश्वर दाखवायला नेलं. "हेमाडपंती," मी ठोकून दिलं. तो म्हणाला, "मामा, हेमाद्री म्हणजे हेमाडपंत 13व्या शतकातला, देऊळ त्याच्या आधीचं!" गप्प बसलो. (भेळेचे पैसे मात्र मीच दिले.)

शैली भूमिज, एवढं आता कळलंय. शिखराच्या चारी अंगांना मधोमध जाळीदार उभा पट्टा, त्यांच्यामध्ये इवल्या शिखरांच्या रांगा, वर निमुळत्या होत गेलेल्या. अंबरनाथच्या शिवमंदिरालाही (इ.स. 1060) हाच प्रकार. पण भूमी मोजताना एका उभ्या रांगेतली शिखरं मोजायची का? आणि खजुराहोच्या शेखरी शिखरालाही छोटी शिखरं बिलगलेली असतातच की! मग फरक नेमका कुठे बघायचा? जाणकारांनी सांगा, पुढच्या रविवारी पुन्हा परीक्षा आहे.