जिम नको, पण ताकद हवी: मुद्गल, वाळूची पिशवी वगैरे घरी टिकतं का?

सेक्टर_आठ:
नमस्कार मंडळी. मी ऐरोलीत राहते, वय ४१, नोकरी घणसोलीला, दिवसभर खुर्चीत. जिममध्ये माझं मन रमत नाही. मोठ्या आवाजातली गाणी, चहूकडे आरसे आणि मशीन रिकामं व्हायची वाट बघत उभं राहणं, हे सगळं नकोसं वाटतं. पण ताकद हवीय. मध्यंतरी लिफ्ट बंद होती तेव्हा १० किलो तांदळाची पिशवी सातव्या मजल्यावर नेताना मध्येच टेकावी लागली. माझी आजी ओतूरला सत्तरी उलटल्यावरही डोक्यावर एक आणि कमरेवर एक हंडा घेऊन विहिरीवरून यायची. तिनं कधी "व्यायाम" हा शब्दही उच्चारला नसेल.

मुद्गल (गदेसारखं लाकडी वजन), वाळूची पिशवी, केटलबेल (कडीचा लोखंडी गोळा) यांचे व्हिडिओ बघते आणि ओढ वाटते. फ्लॅटमध्ये, खालच्या मजल्याला त्रास न देता हे जमतं का? आणि दोन-तीन महिन्यांचं खूळ न होता वर्षानुवर्षं टिकावं म्हणून तुम्ही स्वतः नेमकं काय करता? सुविचार नकोत, खरंच करणाऱ्यांनी लिहा.

येऊरचा_वाटसरू:
मुद्गलापासून सुरुवात करा. मी उपवन तलावाकाठी सकाळी फिरवतो. पहिली जोडी दीड-दोन किलोचीच घ्या, दुकानदार कितीही म्हणाला तरी जड नको. मुद्गलाचं वजन मुठीपासून लांब असतं, त्यामुळे २ किलोसुद्धा पाठीमागे सोडला की खांद्याला चांगलाच ओढतो. आधी एका हाताने, सावकाश, मुद्गल आपल्या वजनाने झुलू द्यायचा. खुर्चीत बसून आखडलेले खांदे यानं जितके मोकळे होतात तितके दुसऱ्या कशानं मी पाहिले नाहीत.

आपल्याकडचा हा प्रकार इंग्रज फौजेनं पाहिला आणि तिकडे नेला. १९०४ च्या सेंट लुइस आणि १९३२ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धांत मुद्गल फिरवण्याची स्पर्धा होती! घरात करणार असाल तर पंख्याखाली उभ्या राहू नका.

तालीमवाला:
ताई, मी कोपरखैरण्यात राहतो. वाशीला कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होतो, आता निवृत्त. वडीलही माथाडीच, पाटण तालुक्यातून आले ते बाजार मुंबईत मशीद बंदरला होता त्या काळात. शाळेच्या वयात गावच्या तालमीत जोर-बैठका मारल्या. म्हणजे वजन मी पोटासाठीही उचललंय आणि अंगासाठीही. या दोन्हींत जो फरक आहे त्यातच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे असं मला वाटतं.

गोणी ५० किलोची. दोघं हात देतात, तिसरा पाठीवर घेतो. नवा पोरगा हिसका मारून घेतो आणि लांब ढांगा टाकतो. जुना माणूस गुडघ्यात वाकून गोणीखाली शिरतो, मान सरळ ठेवतो आणि छोटी, भरभर पावलं टाकतो. मध्ये थांबत नाही, कारण ओझं घेऊन उभं राहणं चालण्याहून अवघड. हे टोळीत बघून बघून अंगात उतरतं. एवढी ताकद असूनही पन्नाशीला आमच्यातल्या कित्येकांच्या कमरा आणि गुडघे गेले. किती उचलायचं हे अंग ठरवत नव्हतं, ट्रक ठरवत होता. रात्री झोप झाली नसली, अंगात कणकण असली, तरी गोणी ५० चीच आणि गाडी खाली होईपर्यंत काम. ज्यांनी आयुष्यभर शहराचं धान्य आणि कांदा पाठीवरून वाहिला त्यांना म्हातारपणी जिना चढवत नाही, हे बघून मला आजही वाईट वाटतं.

तालमीत उलटं होतं. वस्ताद थांबवायचे. जोर मारताना कोपरं थरथरायला लागली, कंबर खाली लोंबायला लागली की म्हणायचे, "बास, ऊठ." पोरं चिडायची, अजून होतील म्हणायची. वस्तादांचा हिशोब उद्याचा असायचा, उद्या हाच पोरगा तालमीत पुन्हा दिसला पाहिजे. ताकदीबद्दल मी मानतो ते एवढंच. अंगात थोडं शिल्लक ठेवून उठायचं.

आता माझं रोजचं. पहाटे, चहाच्या आधी, इमारतीखाली पार्किंगमध्ये. वाळूची पिशवी छातीशी कवटाळून चालतो, मग जोर, मग बैठका. गुडघा कुरकुरला तर गेटचे गज धरून अर्ध्या बैठका. आठवड्यातून एकदा बेलापूरला पारसिकच्या चढावर, हातात काही न घेता.

पिशवी अशी करा. बांधकामावरची वाळू चाळून उन्हात खडखडीत वाळवा, ओल राहिली तर वास मारते. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत भरा, तोंड चिकटपट्टीनं बंद करा, ती दुसऱ्या पिशवीत घाला आणि मग कॅनव्हासच्या थैलीत. तुम्हाला १५ किलो पुष्कळ झाली, म्हणजे अंदाजे साडेनऊ लिटर वाळू. तिसरा हिस्सा मोकळा ठेवा. ठासून भरली की ती दगडासारखी होते. आत सरकली पाहिजे, म्हणजे प्रत्येक पावलाला पोट आणि पाठ तिला सावरत राहतात. हंड्यातलं पाणी हिंदकळतं तसंच आहे हे, तुमची आजी हेच करत होती.

उचलताना पिशवी दोन पायांच्या मध्ये, जवळ. गुडघे वाकवून आधी मांड्यांवर आणा, दम घ्या, मग छातीशी. उतरवताना याच वाटेनं परत. टाकायची नाही, ठेवायची. खालच्या मजल्याचा प्रश्न तिथेच मिटला.

टिकायचं म्हणाल तर तालमीत "आज मन आहे का" असं कुणी विचारत नव्हतं. आधी मारुतीला नमस्कार, मग हौद्यातली, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यातली, माती उकरायची, आणि माती उकरेपर्यंत अंग आपोआप तयार व्हायचं. तुमच्याही घरी अशी एक सुरुवात ठरवा, जिला ताकद लागत नाही. मी खाली जाऊन पार्किंगचा तो कोपरा झाडतो. झाडून झाल्यावर पिशवी न उचलता वर आलोय असं मला तरी आठवत नाही.

बारबेलप्रेमी_ठाणे:
काका, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण एक मुद्दा सुटतोय. बारबेलला, म्हणजे जिममधल्या लांब लोखंडी दांड्याला, दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा किलोच्या प्लेट लावल्या की बरोबर अडीच किलो वाढले. वाळूच्या पिशवीत हे जमत नाही. शरीरावरचा भार हळूहळू वाढला नाही तर ताकद एका जागी थांबते, मग पिशवी असो वा मुद्गल. ताईंना जिमचा आवाज नको असेल तर दुपारच्या रिकाम्या वेळी जावं. वेगळं काही करायचं म्हणून मोजता न येणारं करू नये.

नेरूळ_फिजिओ:
भार वाढला पाहिजे हे बरोबर. पण ४१ व्या वर्षी नव्यानं सुरू करताना घाई नको. पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद वाढते ती मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना नीट कामाला लावायला शिकते म्हणून. स्नायू त्यानंतर भरतात आणि स्नायूंना हाडांशी जोडणारे स्नायूबंध सगळ्यात सावकाश. "आता सोपं वाटतंय" म्हणून वजन वाढवणारे लोक कोपर किंवा खांदा धरून आमच्याकडे येतात ते याच मधल्या काळात.

पिशवी कवटाळण्यानं आणि दोन हातांत पाण्याचे कॅन घेऊन चालण्यानं पकड वाढते, आणि ती क्षुल्लक गोष्ट नाही. १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मुठीची ताकद दर ५ किलोनं कमी असली तर मृत्यूचा धोका १६ टक्क्यांनी जास्त आढळला. मूठ आवळून आयुष्य वाढतं असा याचा अर्थ नाही, पण सगळ्या शरीराची ताकद तिथे दिसते. जागतिक आरोग्य संघटनाही चालण्या-धावण्याखेरीज आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते.

सवयीबद्दल लंडनमध्ये ९६ जणांवर झालेलं एक काम मला फार आवडतं. एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, पण कुणाला १८ तर कुणाला २५४ दिवस लागतील असा अंदाज निघाला. मध्ये एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडलं नाही. ताई, दोन-तीन महिन्यांत सवय लागली नाही म्हणून स्वतःला आळशी ठरवू नका. उचलताना श्वास कोंडू नका, रक्तदाब चटकन चढतो. आधीपासून रक्तदाब किंवा हर्निया असेल तर डॉक्टरांना विचारूनच सुरू करा.

सेक्टर_आठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. रक्तदाब ठीक आहे, हर्निया नाही. पिशवीच करते, गच्चीवर जागा आहे आणि सोसायटीची हरकत नाही. काका, बारबेलप्रेमींचा प्रश्न मलाही पडलाय. वाढवायचं कधी आणि कसं?

तालीमवाला:
त्यांचं म्हणणं खरं आहे, वाढ हवीच. फक्त आधी वजन वाढवू नका, अंतर वाढवा. गच्चीच्या एका फेरीनं सुरू करा. बोलता येईल इतका दम शिल्लक राहायला लागला की दुसरी फेरी. मग तीच पिशवी एका खांद्यावर घ्या, येताना दुसऱ्या. एका बाजूला ओझं आलं की कंबर दुसऱ्या बाजूला झुकायला बघते. तिला झुकू द्यायचं नाही, १५ किलोसुद्धा तिथे नवं वाटतं. हेही सोपं झालं की थैली उघडून २ किलो वाळू घाला, आणि अंतर पुन्हा एका फेरीवर आणा. किती घातली ते थैलीवर खडूनं लिहून ठेवा म्हणजे मोजमापही राहील.

चिकटपट्टी रुंद घ्या.