मदत हवी आहे: मुलगा स्वतःचीच टर उडवतो, त्याला थांबवावे का?

नमस्कार. माझा मुलगा सातवीत आहे. तो लहानपणापासून बोलताना अडखळतो, विशेषतः 'ह' या अक्षरावर. हजेरीत त्याचे नाव आले की मागच्या बाकांवरची दोन-तीन मुले त्याच्या आधीच 'ह-ह-हजर' असे ओरडत आणि सारा वर्ग हसे. हल्ली मात्र त्यांनी तोंड उघडण्यापूर्वी तोच मान हलवत, मुद्दाम लांबवून 'ह-ह-ह-हजर' म्हणतो आणि सर्वांत मोठा हशा मिळवतो. मी वर्गशिक्षिकांना भेटलो, तेव्हा त्यांनी नेमके हेच पुढे केले: "तो स्वतःच मजेत घेतो, तुम्ही कशाला मनावर घेता?" घरी मात्र रविवारी संध्याकाळपासून त्याचे पोट दुखू लागते आणि फोन वाजला तरी तो उचलत नाही.

या विषयावर थोडे वाचले. मानसशास्त्रज्ञ रॉड मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये विनोदाच्या चार शैली मांडल्या. त्यांतली एक दुसऱ्याला खाली पाडणारी, तर दुसरी स्वतःला कमी लेखून इतरांची मर्जी राखणारी. ही दुसरी शैली वरून खिलाडूपणासारखी दिसते, त्यामुळे शिक्षकांची फसगत होत असावी. फिनलंडच्या मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी शाळेतल्या छळाबद्दलच्या १९९६ च्या अभ्यासात छळणारा आणि सोसणारा यांच्याखेरीज, हसून छळणाऱ्याला बळ देणाऱ्या मुलांची भूमिका वेगळी नोंदवली. तिथल्या शाळांतला 'कीवा' हा छळविरोधी कार्यक्रम अशा बघ्यांवरच भर देतो. मला हे पटते, कारण वर्ग हसला नाही, तर मागच्या बाकांवरची मुले तोच खेळ रोज करतील असे वाटत नाही.

माझी अडचण अशी आहे की, मुलाला हा विनोद बंद करायला सांगितले, तर त्याच्या हातातली एकुलती एक ढाल मीच काढून घेतल्यासारखे होईल, आणि चालू दिला, तर 'त्याला चालते' हा समज घट्ट होईल. कुणाच्या मुलाने यातून वाट काढली असल्यास त्याला काय उपयोगी पडले?

शिवाय, माझ्या मुलाचे नाव न घेता वर्गाच्या हसण्याबद्दल बोलायला शिक्षिकांना कसे सुचवावे? नाव निघाले की त्याच्यावर 'चुगलखोर' हा शिक्का बसणारच. सर्वांचीच हजेरी हात वर करून घ्यावी, अशी विनंती मुख्याध्यापकांकडे लेखी करण्याचा विचार आहे; तसे कुणी केले असल्यास अर्जात कारण काय लिहिले, तेही कृपया सांगावे.