फिलिप्स सीडी-आय घेतलाय, गेम कोणते घेऊ?

पसारेवाला:
नमस्कार मंडळी. इकडे नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला कोनिंग्सडागला, म्हणजे राजाच्या वाढदिवसाच्या सुट्टीला, लोक रस्त्यावर चादरी टाकून घरातलं जुनं सामान विकायला बसतात, तिथे एका आजोबांकडे फिलिप्सचा सीडी-आय २२०, म्हणजे टीव्हीला लावून सीडीवरचे गेम वगैरे चालवायचा जुना प्लेअर, दिसला आणि उचलला. बायको म्हणाली आणखी एक डबडं, असो. दिसायला व्हीसीआरसारखा, रिमोटवरच छोटी जॉयस्टिक, टीव्हीला लावला तर चक्क चालू झाला. आता गेम शोधतोय तर यूट्यूबवर जो तो फक्त त्या झेल्डा गेममधल्या कार्टूनची आणि हॉटेल मारिओ गेमची टिंगल करतोय. खरंच एवढंच आहे का यात? दुसरं म्हणजे विकणारे 'डीव्हीसह' लिहून भाव चढवतात ते डीव्ही काय प्रकरण आहे? आणि घड्याळ लावलं की मशीन बंद केल्यावर परत पुसलं जातं, त्याचं काय करू?

खटपट्या:
घड्याळाचं आधी. आत एक टाइमकीपर चिप असते, वेळ आणि गेमचे सेव्ह दोन्ही तिच्यातच राहतात आणि बॅटरी त्या चिपच्या पोटातच सील केलेली असते. तीस वर्षांत ती संपणारच. आता नुसतं घड्याळ जातंय, पण काही मशीनं बॅटरी गेली की चालूच होत नाहीत, त्यामुळे टाळू नकोस. एक तर चिप डिसोल्डर करून नवीन टाकायची, नाहीतर वरचं प्लास्टिक घासून बाहेरून नाण्याएवढा सेल जोडायचा, मी असतो तर पहिलंच केलं असतं, घासाघाशीत चिप मेली की बसा बोंबलत.

डीव्ही म्हणजे डिजिटल व्हिडिओ कार्ट्रिज. मागे खाचेत बसतं, एमपेग-१ व्हिडिओ उलगडतं आणि वर आणखी १ एमबी मेमरी देतं. मूळ मशीनमध्ये सगळी मिळून १ एमबी. ज्या गेममध्ये खरे नट आणि फुल स्क्रीन व्हिडिओ आहे त्यातले बरेच याच्याशिवाय चालतच नाहीत, म्हणून डिस्क घेताना मागचं कव्हर वाच मगच पैसे दे.

रात्रपाळी:
गेमचं मी सांगतो. डीव्ही असेल तर डोळे झाकून बर्न सायकल घे, १९९४ चा, लंडनच्या ट्रिपमीडियाचा. डेटा चोरणारा एक इसम, त्याच्या डोक्यात व्हायरस सुटलेला आणि हातात दोन तास, ते तासही खरे, घड्याळ चालूच राहतं. नटांना निळ्या पडद्यासमोर शूट करून कॉम्प्युटरवर बनवलेल्या शहरात चिकटवलंय, आज बघताना ते कळतं पण मूड जबरदस्त आहे आणि संगीत तर असं की नुसतं ऐकत बसावं. सेव्हन्थ गेस्ट पण मिळतो, त्यालाही डीव्ही लागतं.

डीव्ही नसेल तर द अप्रेंटिस. हा तुमच्या नेदरलँड्समध्येच बनलाय, जादूगाराचा शिकाऊ पोरगा मनोरे चढत जातो. सीडी-आयवर इतका गुळगुळीत उड्या मारायचा गेम बनू शकतो हे बघून विश्वास बसत नाही. त्यात आव्हानही भरपूर आहे, तुमच्या त्या रिमोटने खेळायला जाऊ नका, वायरवाला गेमपॅड शोधा.

चिवडा_पार्टी:
राव कशाला पैसे घालताय, हे मशीन मुळात गेमसाठी नव्हतंच. १९९१ ला आलं तेव्हा फिलिप्स विकत काय होती तर विश्वकोश, म्युझियमची सफर, मुलांची चित्रं रंगवायची डिस्क. आत स्प्राइट, म्हणजे स्क्रीनवर फिरणारी पात्रांची छोटी चित्रं, हलवायचं हार्डवेअर नाही, प्रोसेसर ६८००० च्या घराण्यातला, सगळं रंगकाम त्या बिचाऱ्यानेच करायचं, आणि ड्राइव्ह सिंगल स्पीड. गेम खेळायचे तर त्याच काळातला थ्रीडीओ हा गेम कन्सोल घ्या.

नकाशेबाज:
@चिवडा_पार्टी हार्डवेअरचं बरोबर, पण त्यावरूनच झेल्डा तसे का झाले ते समजतं की. झेल्डा आणि मारिओ ज्यांचे त्या निन्टेंडोचं सोनीशी सीडीवरून फिसकटलं आणि १९९१ मध्ये त्यांनी फिलिप्सशी हातमिळवणी केली. सुपर निन्टेंडो या त्यांच्या कन्सोलला लावायचा तो सीडी ड्राइव्ह कधी आलाच नाही पण फिलिप्सला काही पात्रं वापरायची मुभा मिळून गेली. झेल्डा मालिकेचा नायक लिंक याचा एक आणि राजकन्या झेल्डाचा एक असे दोन गेम अॅनिमेशन मॅजिक कंपनीने अमेरिकेत बनवले, तुटपुंज्या बजेटमध्ये आणि दोन्ही एकाच इंजिनवर, १९९३ ला दोन्ही आले. मधली कार्टूनं काढायला रशियातून अॅनिमेटर आणले होते, ज्यांना बहुतेक झेल्डा म्हणजे काय हेच माहीत नसणार. त्या कार्टूनवर हसा, मीही हसतो, राजाचे ओठ बघून कोण नाही हसणार. पण गेम चालू झाल्यावर मागची बॅकग्राउंड बघा, हाताने रंगवलेली आहेत आणि खरंच देखणी आहेत.

मार खातात ते कंट्रोलमध्ये. उडी मारायला वर दाबायचं, पिशवी उघडायला खाली बसून बटण, जमिनीवरची रुबी (गेममधले पैसे) उचलायला तिच्यावर तलवार मारायची. हॉटेल मारिओ त्यापेक्षा सरळ, मजल्यावरची सगळी दारं बंद करा की झालं, पोरांना आवडतो. तिसरा, झेल्डाज अॅडव्हेंचर, तो मात्र माझ्याच्याने पूर्ण झाला नाही, एका स्क्रीनवरून दुसऱ्यावर जाताना डिस्क शोधत बसते तेवढ्यात चहा होतो.

पसारेवाला:
वा, एवढं कोणी सांगितलंच नव्हतं. पण माझ्यात डीव्ही आहे की नाही ते खोलल्याशिवाय कसं कळेल? मागे एक झाकण आहे, घट्ट बसलंय.

खटपट्या:
व्हीसीडी घालून बघ. वाजली की कार्ट्रिज आहे.

रात्रपाळी:
यावरून आठवलं, आपल्याकडच्या त्या नाटकांच्या व्हीसीडी कॉम्प्युटरला लावल्या की एक एमपेगएव्ही फोल्डर असायचं ना, ज्यातली डॅट फाइल आपण सगळे कॉपी करायचो? तिथेच बऱ्याच डिस्कवर सीडीआय नावाचं अजून एक फोल्डर असतं. तो छोटा प्रोग्राम याच मशीनसाठी, व्हीसीडी सीडी-आयवर चालावी म्हणून. दादरला घेतलेल्या डिस्कवर आइंडहोवनच्या डब्याचा प्रोग्राम, आणि आपण वर्षानुवर्षं तो बघून सोडून दिला.

पसारेवाला:
आईने पाठवलेली नाटकाची व्हीसीडी होती कपाटात. चालली!! म्हणजे डीव्ही आहे, आणि आजोबांना ते माहीतच नसावं, भाव त्यांनी साध्या प्लेअरचा लावला होता. नाटक इथे सगळे बघत बसलेत आता, उठायला तयार नाहीत. बर्न सायकल एका दुकानात दिसतोय, डिस्कवर बारीक चरे आहेत, घेऊ का?

रात्रपाळी:
चरे खालच्या बाजूला, गोल न जाता मध्यापासून काठाकडे सरळ जाणारे असतील तर घे. लेबलच्या बाजूला खोल असेल तर नको, चकाकणारा थर तिकडेच असतो.

नकाशेबाज:
आणि झेल्डाचे भाव ऐकून पोटात गोळा आला तर मॅमवर, म्हणजे जुनी मशीनं कॉम्प्युटरवर चालवणाऱ्या फुकट सॉफ्टवेअरवर, चालवून बघा आधी, फुकटात कळेल झेपतंय का. नाहीतर आर्झेट नावाचा नवीन गेम आहे २०२४ चा, त्याच दोन गेमवर जीव असलेल्या माणसाने बनवलेला, जुने आवाज देणारे आणि बॅकग्राउंड रंगवणारा चित्रकार परत शोधून आणलेत. कंट्रोल नीट आहेत त्यात.

खटपट्या:
गेम नंतर. चिप आधी मागव.