मदत हवी आहे: दारू दुकान बंदीच्या निवेदनावरच्या सह्यांची पडताळणी

नमस्कार मंडळी,

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बरीचशी घरं ऊसतोडीला जाणारी. गावातलं देशी दारूचं सरकारमान्य दुकान बंद व्हावं म्हणून बायकांनी सह्या घ्यायला सुरुवात केली आहे. कागदपत्रं माझ्याकडे आहेत. ज्यांच्या गावात बाटली आडवी झाली, म्हणजे मतदानात दुकान बंद करण्याच्या बाजूने कौल लागला, त्यांनी कृपया सांगावं. पारनेर तालुक्यातल्या निघोजच्या बायकांनी 2016 साली बाटली आडवी केली, तिथलं कुणी असेल तर फारच उत्तम.

2008 च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या किमान 25 टक्के महिला मतदारांनी निवेदन दिलं की राज्य उत्पादन शुल्क विभाग सह्या पडताळतो आणि मग गुप्त मतदान लागतं. मतदार यादीत हजार बायका असतील तर 250 सह्या पुरतात. तेवढ्या होतील. पण आडव्या बाटलीला मतं हवीत किमान 501, कारण निम्म्याहून जास्त हा हिशोब यादीतल्या सगळ्या नावांवर होतो, झालेल्या मतदानावर नाही. म्हणजे तोडीवर गेलेली सून, लग्न होऊन गेलेली लेक आणि दोन वर्षांपूर्वी वारलेली आजी, तिघींचीही नावं दुकानाच्याच पथ्यावर पडतात. मला हे फार अन्यायाचं वाटतं.

म्हणून वारलेल्या आणि कायमच्या गाव सोडून गेलेल्या बायकांची नावं नमुना 7 भरून आधी कमी करून घ्यावीत, असं माझं मत आहे. काही जणी म्हणतात, त्यात वेळ जाईल, आधी निवेदन देऊन टाकू. पडताळणीला आणि मतदानाला कोणत्या तारखेची यादी धरतात? निवेदनानंतर कमी झालेली नावं मतदानाच्या हिशोबातून वगळली का?

दुसरं नावांचं. यादीत माहेरचं नाव आणि आधारवर सासरचं, अशा बऱ्याच जणी आहेत. त्यांनी आधी नमुना 8 भरून दुरुस्ती करावी, की पडताळणीला मतदार ओळखपत्र दाखवलं तर भागतं? अंगठ्यांपुढे आम्ही पूर्ण नाव, यादीतला अनुक्रमांक आणि साक्षीदार बाईची सही घेतोय. आणखी काही लागतं का?

सगळ्यात जास्त काळजी दबावाची आहे. काहींच्या नवऱ्यांची दुकानात उधारी आहे. अधिकाऱ्यांसमोर घाबरून एखादी "मी सही केलीच नाही" म्हणाली तर तेवढी एकच सही बाद होते, की सगळ्या निवेदनावर शंका घेतात? तुमच्याकडे पडताळणी घरोघरी झाली की सगळ्यांना एका जागी बोलावलं? एका जागी असेल तर ग्रामपंचायतीऐवजी शाळेत घ्या, असा अर्ज आधी देता येतो का? ग्रामपंचायतीसमोरच ते दुकान आहे.

तोडीवरच्या बायका पाडव्याच्या सुमारास परततात, निवेदन त्यानंतरच द्यायचा विचार आहे. त्याआधी कुणाकडे पडताळणीच्या पंचनाम्याची प्रत असेल तर नावं झाकून इथे टाकाल का?